पाठमोरा माणूस आणि तीन बगळे

तीर्थस्वरूप काकू,

साष्टांग नमस्कार. (दवाखान्याची खोली आठ अंगांना पुरत नाही, तेव्हा मनातल्या मनात.) तुझे गुडघे कसे आहेत? काका बरे आहेत ना? मी ठीक. दाढ काढायला बसलेल्या पेशंटला भूल चढेपर्यंत हे लिहितो आहे.

तू काढून पाठवलेलं जलरंगातलं चित्र बाहेर बाकड्यासमोर लावलं. शांत तळं, काठावर पाठमोरा बसलेला माणूस, शेजारी तीन बगळे. म्हटलं, दाताच्या धास्तीने आलेली माणसं हे बघून जरा निवांत होतील. कसलं काय! पहिल्याच दिवशी टेलरबाईंनी विचारलं, "डॉक्टर, हा इतका काठाला का बसलाय हो?" झालं! स्वतःची दाढदुखी विसरून सगळं बाकडं त्या माणसाच्या काळजीला लागलं. पोस्टमन म्हणाले, घरी भांडून आलेला दिसतोय. मास्तरांच्या मते त्याला पोहता येत नाही, हे पाठीवरूनच कळतं (मास्तरांना स्वतःलाही येत नाही). एक आजोबा तर "बगळेसुद्धा त्याच्याकडे बघत नाहीत" म्हणत डोळे पुसायला लागले आणि दात न दाखवताच घरी गेले. जे खुर्चीपर्यंत पोचले, त्यांचा रक्तदाब बघून मलाच घाम फुटायचा. असंच चाललं तर दवाखान्याला कुलूप लावावं लागेल.

शेवटी काल चित्र उतरवलं. (रागावू नकोस, धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवलंय.) तर आगीतून फुफाट्यात! टेलरबाई आल्या, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "गेला?" एवढंच म्हणाल्या. मी घाईघाईने सांगितलं, अहो, तो जेवायला घरी गेलाय. कुणाचाही विश्वास बसला नाही.

आतल्या पेशंटचा ओठ लोंबायला लागला आहे, म्हणजे भूल चढली. थांबतो.

तुझा,
दातवाला पुतण्या

ता. क. चित्र परत पाठवत नाही. मात्र याच्या जोडीला दुसरं काढून दे. तेच तळं, तेच बगळे आणि तो माणूस उठून घराकडे निघालेला. तोंड आमच्याकडे हवं.

आणखी एक ता. क. माणूस कोण, हे मी पाठीवरूनच ओळखलं. त्याच्या अंगातला सदरा मीच आणला होता. बाकड्याला काही बोललो नाही. नोकरी संपल्यापासून काका रोज तळ्यावर जाऊन बसतात, असं तू मागे लिहिलं होतंस. काकू, चित्र राहू दे, आधी त्यांना फोनवर आण. बोलावंसं वाटलं नाही तर नुसते खोकले तरी मला चालेल.