मढच्या डोंगराखालचं पेट्रोल

रविवार, १० फेब्रुवारी १९८५. घाटकोपर
बाबांना सांगून टाकलं. मढचा दिनेश, कोळी, स्वतःची बोट, लग्न करीन तर त्याच्याशीच. जातीवरून बोलतील म्हणून मी तयारीत होते. तर म्हणतात, "थंय डोंगराखाली मिलिट्रीचो गुप्त विमानतळ आसा. पेट्रोलाच्यो टाक्यो. एक काडी पडली काय गाव उडतला. माझा चेडू थंय देवचंय नाय." हसू दाबताना ठसका लागला.

बुधवार, १३
अफवेचा माग. बाबांना सांगितलं तळमजल्यावरच्या काकांनी, काकांना त्यांच्या मेव्हण्याने. मेव्हण्याचं वर्कशॉप साकीनाक्याला, माझ्या ऑफिसजवळच. जेवणाच्या सुट्टीत गाठला. कुंपण पाहिलंय, आत जाणारा टँकर पाहिलाय. टँकरात काय? "ते कोण विचारणार, ताई?" झकास. म्हणजे टँकर खरा, विमानं मेव्हण्याची.

रविवार, १७
मढ. दि.च्या आईला सरळ विचारलं. "अगो, डोंगराखाली तेल असता त आमी बोटीला डिझेल इकत कनाला घेतला असता?" पटलं. तरी विहिरीचं पाणी हुंगून आले. नुसतं पाणी.
दि. म्हणतो, आत काय आहे गावात कुणालाच ठाऊक नाही, बाबांना उगाच टाक्या नाहीत म्हणून सांगू नकोस. असा आहे, म्हणून तर...

सोमवार, १८
बाबांना जसंच्या तसं सांगितलं. टँकर जातात, कशाचे ते माहीत नाही. बाबा खूश. "बघ, मी काय सांगलंय?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मगे सवता जावन बघा." वाट लागली, वाटलं. पण बाबा तयार झाले!

रविवार, २४
बाबा मढला आले. डोंगराकडे एकदा बघितलं, मग पानात वाढलेल्या कालवणाकडे. दि.च्या वडिलांशी जुंपली: कालवणात चिंच की कोकमाची सोलं? दुपार त्यातच गेली. चिंचेला नावं ठेवत बाबांनी तीनदा वाढून घेतलं. मला इतकं बरं वाटत होतं की जेवताच येईना.
परतताना वर्सोव्याच्या होडीत बाबा मागे वळून डोंगराकडे बघत बसले. मग एकदम, "असतल्यो टाक्यो. पण खोल असतल्यो." आणि थोड्या वेळाने, "फुडच्या खेपेक तेंका आपली सोला नेवया."
हे ‘हो’ आहे का? लग्नाचा तर शब्दही नाही. आईला विचारलं, तर सोलांचा डबा पुढ्यात ठेवून म्हणाली, निवडायला बस.