उपासाचं मीठ

१२ जानेवारी १९८१, भंडारा
डॉक्टरांनी यांचं मीठ बंद केलं. रक्तदाब फार वाढलाय. पापड, लोणचं, सुकी मासळी, सगळंच बंद. घरी येताच हे म्हणाले, "मंग जगाचं कायले?" मी हसले. हे नाही हसले.

१५ जानेवारी
वरणात लिंबू जास्त, भाजीत आमचूर. तरी ताट सरकवलं. "तुह्या हातचं खाल्लं का बिमार असल्यावानी वाटते." याच हातच्या वरणासाठी दुपारी दुकान सोडून यायचे. नवी होते तेव्हा.

२० जानेवारी
यांची मोठी बहीण, अक्का, अड्याळहून आल्या. पिशवीत सैंधवाचे गुलाबी खडे. "उपासाले चालते थे. देवाले चालते, तं बीपीले काहून नाही चालणार?"
म्हटलं, अक्का, खाणीतलं काय न् समुद्रातलं काय, मीठ ते मीठच.
"तू मिशनच्या शाळेतली. तुले उपास काय समजन!"
हे खो खो हसले. किती दिवसांनी. तेही मला.

२ फेब्रुवारी
यांचं ताट आता अक्का करतात. सैंधव जाडंभरडं कुटतात, कमी खारट लागतं म्हणून वर आणखी घालतात. पांढऱ्या मिठाची बरणी माळ्यावर. झालं पथ्य! यांचं वजन वाढलं म्हणून सगळे खूश.

९ फेब्रुवारी
नानकटाई केली. पातेल्यात रेती तापवून, सिस्टर शिकवायच्या तशी. चिमूटभर मीठ नसेल तर गोडाला गोडी नाही, म्हणायच्या. ती चिमूट गाळली. डब्यातलं लोणी खारट, म्हणून पाण्यात धूत बसले. वास सुटला तशी बोर्डिंगची ती उबदार खोली, पिठाने माखलेल्या आम्ही मुली...
यांनी तुकडा मोडला. "माती." उरलेल्या नानकटाया अक्कांनी गायीपुढे टाकल्या.

१ मार्च
पायांना सूज. डॉक्टर : "मीठ बंद आहे ना?" हे : "कवाचंच." मी सैंधवाचं सांगितलं. डॉक्टर ओरडले ते माझ्यावर. शिकलेल्या ना तुम्ही?
रिक्षात हे एवढंच म्हणाले, "माह्या बहिणीले बदनाम केलं तू." मग बोलणंच बंद.

१९ मार्च, नागपूर
यांचा उजवा हात हलत नाही. जीभ जड झाली. धोका टळलेला नाही. मिठाचा कणही नको, अशी ताकीद. दवाखान्याची पेज थुंकून टाकली.
अक्का डबा घेऊन आल्या. मी चव घेतली. तेच सैंधव.
"खाऊ दे वो त्याले," त्या रडू लागल्या, "उपाशी मरन माहा भाऊ." खोटं नाही ते रडणं. त्याचाच राग येतो.
आत्ता यांनी डावा हात पुढे केला. माझं नाव घेतलं. कुणी नसताना घ्यायचे, ते. अर्धंच उमटलं.
डबा माझ्याकडे आहे. यांचा हात अजून तसाच पुढे.