एका पोरीची पलटण

बाबा, काल जेवताना माझा लेक नातवंडांपुढं छाती फुगवून सांगत होता, मामाले फौजेचा अफसर आजोबानं बनवलं, भामरागडकडच्या जंगलनाक्यावर, बिनशाळेचं. मी तवा वरण वाढत होती. आता हात मोकळे आहेत, तर लिहून राह्यली.

तिथी शाळा कुठी होती? पावसाळ्यात नदी फुगली की तुमच्या नाक्याचं बेट व्हायचं. तुमी जंगलखात्याचे नाकेदार, पण सकाळी गणिताचे मास्तर, दुपारी इंग्रजीचे. मले दुसऱ्या पुस्तकापावतर शिकवलं अन् चुलीकडं धाडलं. भाऊ मात्र चांद्याले जाऊन बाहेरून मॅट्रिक झाला, अन् तुमी त्याच्यासाठी फौजी अकादमीचा अर्ज मागवला. त्यात विचारलं होतं, शाळा कोणती, हेडमास्तर कोण, मुलगा चार जणांना सोबत घेऊन चालतो का. तुमी ठसक्यात लिहिलं: शाळा घर, हेडमास्तर वडील. आई म्हणाली, "अन् चपराशी मीच असन." पण चार जण कुठून आणाचे? नाक्यावर आपण चौघं अन् एक बकरी. म्हून दुसऱ्या दिवसापासून अंगणात कवायत सुरू. भाऊ अफसर, मी पलटण.

आताही दिसते मले ते. तो ओरडतो, "बायें मुड!" मी म्हणते, "काऊन? तिकडं शेण पडलं आहे."

"बाई, हुकूम आहे वो!" मोठ्या बहिणीले तो बाईच म्हणे.

"मंग तू जाय पयले."

ओसरीवरून तुमी गरजता, "पलटण उलट बोलत नाई!"

"तर बकरीले घ्या पलटणीत," मी म्हणते, अन् भात लागला म्हून आत पळते.

तुमी आईपाशी कुरकुरत होते, ही पोरगी पोराचं नशीब बुडवन. मले ऐकू येत होतं. पण तोही शहाणा झाला. हुकमाच्या आधी जमीन पाहाले लागला, मंग स्वतः चालून दाखवाले लागला. तेव्हा कुठी मी हलत होती.

मुलाखतीले तो पार बंगलोरले गेला. तिथी सात-आठ पोरं, मधात चिखलाचा खड्डा, दोन फळ्या अन् दोर; साऱ्यांनी मिळून तो ओलांडाचा. सारे एकमेकांवर ओरडत होते म्हणे. हा गुपचूप खड्ड्यात उतरला, कमरेपावतर रुतला, अन् म्हणाला, "इकडून नको, त्या बाजूनं या." साहेबानं विचारलं, हे कोणत्या शाळेत शिकला? हा म्हणाला, "घरी. माझी बाई ऐकत नव्हती."

निवड झाल्याचं कळलं तशी तुमी आठवडी बाजारभर आपली शिकवण सांगत फिरले. त्याले लोखंडी पेटी आणली, मले शेवेची पुडी. पलटणीचा पगार! शेव नरम पडली होती, तरी खाल्ली.

तो निघाला त्या दिवशी आपण नदीच्या घाटावर उभे होतो. डोंगा मधात गेला तसा हा उठून ओरडला, "पलटण, सावधान!" डोंगेवाला खेकसला, "बस ना बे खाली, बुडवतं का सारेले!" तुमी चष्मा पुसत होते, म्हून तुमाले दिसलं नाई.

हे पत्र पोस्टात टाकाचं नाई, तुमी गेले तिथला पत्ता कोणापाशी आहे? तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. पण त्या दिवशी, बाबा, मी पाय जुळवून उभी रायली, डोंगा दिसेनासा होईपावतर. अन् काऊन म्हून विचारलं नाई.