आधी पॅच मारून बघा

४ फेब्रुवारी
बाप व्हायचं ठरलं. निर्णय दोघांचा, धैर्य मुख्यतः माझं. हिला जन्मापासून थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हे माहीत असून लग्न केलं, ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. आज दुकानात दोघांना सांगितली.
डॉक्टरबाई म्हणाल्या, हिच्या तपासण्या चांगल्या आहेत, आता फक्त माझी रक्ततपासणी हवी. मी मायनर, म्हणजे स्वतः आजारी नसलेला वाहक, निघालो तर मुलाला हिचाच आजार व्हायची शक्यता निम्मी. म्हटलं, त्यात काय, उद्याच करतो.

५ फेब्रुवारी
टेस्ट राहिली. उपाशीपोटी करायची असेल, आणि नाश्ता तर होऊन गेला होता.

९ फेब्रुवारी, सकाळ
लॅबच्या दारापर्यंत गेलो. गर्दी. आजारी माणसांना आधी जाऊ द्यावं म्हणून परतलो. ही म्हणाली, या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही. हिला या विषयातली माहिती जरा जास्तच आहे.
आईला फोन केला. आई म्हणाली, आपल्या घराण्यात असलं काही नाही. म्हणजे अर्धी टेस्ट झालीच.

१३ फेब्रुवारी
रंगाच्या दुकानात दिवसभर उभा. एका गिऱ्हाइकाला थेट भिंतच रंगवायची होती. चांगलं झापलं. आधी पॅच मारून बघा, वाळू द्या, मग ठरवा. तो म्हणाला, पॅच वाईट दिसला तर? म्हटलं, अहो, म्हणूनच मारायचा. गिऱ्हाइकं मला मानतात ती उगाच नाही.
संध्याकाळी हिने विचारलं. केली, म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मग बाथरूममध्ये जाऊन कोपराला कापूस लावून चिकटपट्टी मारली. हिने पट्टीकडे नीट पाहिलं आणि जेवायला वाढलं. संशय शून्य.

१४ फेब्रुवारी
पट्टी अंघोळीतही काढली नाही. ही म्हणाली, दुखतंय का? थोडं, म्हटलं.

२० फेब्रुवारी
रिपोर्टला वेळ लागतोय, असं सांगून ठेवलंय. दरम्यान हिला सरप्राइज म्हणून बाळासाठी ठेवलेल्या छोट्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. पॅच मारला नाही. आपण काय गिऱ्हाईक आहोत? वाळल्यावर भिंत कावीळ झाल्यासारखी दिसते. रक्ताची तारीख जवळ आली की हिचे डोळे असेच होतात. हे मला आज सुचायला नको होतं. ही दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "खोली माझ्यावर गेलीय."
हसलो दोघंही. मी जरा उशिरा.

२२ फेब्रुवारी
चहा घेताना ही शांतपणे म्हणाली, पट्टी कोपराच्या बाहेरच्या बाजूला होती. तिथून कुणी रक्त काढत नाही.
कळायला लागल्यापासून जिला सुया टोचतायत, तिला मी कापूस दाखवत होतो.
म्हटलं, सुईची भीती वाटते गं. ही म्हणाली, गेल्या वर्षी दाढ काढताना दोन इंजेक्शनं घेतलीस आणि शिट्टी वाजवत घरी आलास. मी कप विसळायला उठलो.
"सुईची भीती असती तर चाललं असतं," ती म्हणाली. "घरात दोष माझ्या एकटीचाच राहायला हवा का तुला?"
तसं काही नाही, म्हणालो. कप बराच वेळ विसळला.

२३ फेब्रुवारी
तसं काही नाही, हे इथे पटवून लिहायला बसलो होतो. तीन ओळी लिहिल्या. खोडल्या.

२५ फेब्रुवारी
हिचं रक्त चढवायचं त्याच दिवशी, तिथेच माझी टेस्ट. ही म्हणाली होती, खाऊन घे. खबरदारी म्हणून उपाशी गेलो. एक छोटी नळी भरली. रिपोर्ट आठवड्याने, आता खरोखरचा. ऐटीत उभा राहिलो आणि पुढचं एकदम छतच दिसलं.
मला हिच्या कॉटवर झोपवलं होतं. ही शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत. एका हाताला सुई, वर रक्ताची पिशवी, दुसऱ्या हाताने माझ्या कोपरावरचा कापूस दाबून धरलेला. आतल्या बाजूला.
ड्यूटी बदलली. नव्या सिस्टरने आमच्याकडे आळीपाळीने पाहत विचारलं, पेशंट कोण? मी उठायला लागलो. हिने कोपर सोडलं नाही.
"आज हा," ती म्हणाली.