आजारी न पडणाऱ्या आया

मंगळवार, १२ तारीख

माझ्या लाडक्या लेकी, पोटभर आशीर्वाद.

जावईबापूंची कंबर आता कशी आहे? दवाखान्याच्या बाकावर बसून बसून माणसाचं लाकूड होतं. तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंचा खोकला थांबला का? आणि त्या तिखट जिभेच्या नर्सबाईंचं पडसं? तुझे बाबा ठीक आहेत. चष्मा दोनदा हरवला आणि दोन्ही वेळा त्यांच्याच कपाळावर सापडला.

तुझी ठकीही मजेत आहे. तिच्या वर्गात पुस्तकांचं कपाट लावायचं काम मी अंगावर ओढून घेतलंय. घरी बसलं की फोनकडेच डोळे लागतात. मी कुठे शाळेत गेले? तुझ्या पुस्तकांवरची अक्षरं गिरवत वाचायला लागले, त्यामुळे छोट्यांची पुस्तकं म्हणजे माझं माहेरच. नुसत्या चित्रांच्या पुस्तकांना लाल टिकली, दोन-चार ओळींच्यांना पिवळी, लांबलचक गोष्टींना हिरवी. सगळी तोंडं पुढे करून लावलीत. मुखपृष्ठ दिसलं की पोरांचा हात आपसूक जातो. भुतांच्या गोष्टींची टोपली तर रोज रिकामी!

कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक पुस्तक मी स्वतः वाचते. ज्यात आई आजारी पडते, ते बाजूला काढून पिशवीत टाकते. अगदी पंख मोडलेली आई-चिमणीसुद्धा सोडली नाही. ठकीच्या वर्गाच्या बाईंनी माझी पिशवी पाहिली.

"आजी, ही कुठे निघाली?"

"शिवण उसवलीय. चिकटवून आणते."

त्यांनी एक उघडलं. कोरं करकरीत. मग माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

तू ऑफिसच्या प्रशिक्षणाला गेलीस, असं आपण सगळ्यांनी मिळून ठकीला सांगितलंय. एखाद्या पुस्तकाने ते उसवायला नको, एवढंच माझ्या मनात होतं गं.

काल घरी येताना माझं बोट धरून म्हणाली, "आजी, आपल्या कपाटातली एकही आई कधी आजारी पडत नाही."

"बरंच आहे की मग!"

"बाबांना ताप येतो, आजोबा घसरून पडतात, हत्तीची दाढ दुखते. आईला साधी शिंकसुद्धा येत नाही. तू काढून ठेवलीस ना ती पुस्तकं?"

म्हटलं, "तुला कशाला हवीत?"

"मला शेवट बघायचाय."

पिशवी माझ्या खाटेखाली आहे. सगळ्या पुस्तकांचे शेवट सारखे नाहीत, ते मलाच ठाऊक. आज सकाळपासून ठकी माझ्याशी बोलत नाहीये, आणि पिशवी बाहेर काढायला माझा हात उचलत नाहीये. फोनवर हे मला सांगवलं नसतं, म्हणून कागद घेतला.

शुक्रवारी तुझं ऑपरेशन. त्याआधी ठकीला तुझ्या हाताने लिही. खरं तेच लिही. शेवट कुणालाच ठाऊक नसला तरी चालेल. फार नको, पिवळ्या टिकलीएवढंच.

आणि वर सगळ्यांची चौकशी केली, तुझी तेवढी राहिली. राहिली कसली, धीरच झाला नाही. आता विचारते. कशी आहेस गं बाळा? लवकर लिही.

फोन वाजला की दचकणारी,
तुझी आई