‘वाचले’ आणि खाली सही

तीर्थस्वरूप द्वारकाअक्का,

त्या सकाळी मी दोन हंडे भरून ठेवले होते, अंगण झाडून झालं होतं, तव्यावर भाकरी होती आणि पुढ्यात चिरायला घेतलेली वांगी. तुमचे भाऊ नेहमीसारखे उंबऱ्यात बसून पेपर मोठ्यानं वाचत होते. कुठंतरी पूल झाला, कुठंतरी मंत्री आला, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरांचं म्हणणं आलंय. हप्त्यातून दोनदा वांगं खाल्लं की गुडघे धरतात." मी वांगी उचलून शेजारी देऊन आले आणि पिठलं केलं. त्यानंतर आपल्या घरात दहा-बारा वर्षं वांगं शिजलं नाही.

बघा, नमस्काराच्या आधीच वांग्यावर आले. साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? (तुम्ही तर जन्मभर वांगं खाल्लं, त्यामुळे विचारते.) आम्ही सगळे बरे आहोत. शिवम आणि सूनबाई दीपमाला दोघंही शेंद्र्याच्या कंपनीत, सकाळी सहाला जातात ते दिवस मावळता येतात. घरी मी आणि आपली नात तनुजा. ती आता दुसरीत आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तुमचा राजेंद्र रविवारी चितेगावाहून इकडं येईल तेव्हा पत्र त्याच्या हाती देईन. पाकीट फोडू नको म्हणून तुमच्या लेकाला बजावूनच देईन.

तुम्हाला माहीतच आहे, हे गेले तेव्हा वर्षाचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळं पेपर येत राहिला. बंद करायला कुणाला सुचलं नाही आणि मला करवलं नाही. रोज दारात पडायचा, रोज उचलून ठेवायचा, वाचणारं कुणी नाही. मग लहानपणी पाटीवर गिरवलेलं आठवत मीच एक एक अक्षर धरून बसले. मोठ्या मथळ्यांपासून सुरुवात केली आणि वर्ष सरता सरता बारीक जाहिरातींपर्यंत पोचले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की पेपरात वांग्याचं काही येतच नाही. पहाटे चारला उठणाऱ्या बायकांनी पाचला उठावं असं सरकारनं सांगितल्याचंही कधी आलं नसणार. मी पेपर हातात धरून लई हसले, आणि मग पदर तोंडाला लावून बसले. ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

पण अक्का, एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मला छापलेलं वाचता येतं. हातानं लिहिलेलं येत नाही. पेपरातली अक्षरं कशी, ओळीनं, डोक्यावर रेघ घेऊन उभी असतात. माणसाच्या हातची अक्षरं बिनरेघेची, एकमेकांच्या अंगावर पडत पळत सुटतात. (मी स्वतः लिहिते तेही छापल्यासारखं सुटं सुटं, ते तुम्ही बघतच आहात.) आणि तनुजाच्या वर्गाच्या रत्नमालाबाई वहीत रोज हातानं शेरा लिहितात. कारण आईबापांचे फोन कामावर जातात, वही तेवढी घरी येते. खाली पालकांनी ‘वाचले’ लिहून सही करायची. तनुजा सगळ्या वर्गाला सांगत फिरते की माझी आजी रोज अख्खा पेपर वाचते. मग मी काय करणार? मी रोज ‘वाचले’ लिहिते आणि सही करते.

जून ते दिवाळी हे सुरळीत चाललं. एकदा वर्गातली सगळी पोरं रंगीत कपड्यात, हात हलवत आली आणि आमची तेवढी गणवेशात, पाठीला दप्तर. ते निभावलं. पुढं एकदा शेरा जरा लांबलचक दिसला, मला वाटलं पोरीचं कौतुक असेल, म्हणून ‘वाचले’च्या पुढं ‘आनंद झाला’ असंही लिहिलं. रविवारी दीपमाला तिची वेणी घालायला बसली, तेव्हा डोक्यात उवा निघाल्या. तिनं वही उघडली, शेरा वाचला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, आनंद कशाचा झाला?" मी म्हणाले, बाई एवढं लक्ष देतात त्याचा. तिनं फणी जरा जोरात फिरवली.

आता खरं सांगते. गेल्या सोमवारी शाळेच्या फाटकावर छापील कागद लावलेला दिसला. वाचन सप्ताह. मंगळवारी पाढे, बुधवारी शब्दकोडी, गुरुवारी पालकांची सभा, आणि शुक्रवारी ‘आजींचे गोष्टवाचन : तनुजाच्या आजी, संमती मिळाली’. मी ते बोट ठेवून दोनदा वाचलं. संमती म्हणजे कुठल्यातरी शेऱ्याखालची माझीच सही. आत जाऊन नाही म्हणावं असं आलं होतं मनात. तेवढ्यात तनुजा मैत्रिणीला फाटकाशी घेऊन आली आणि कागदावरचं ‘तनुजाच्या आजी’ बोटानं दाखवू लागली.

मग चार दिवस घरात दुसरं काही नाही. तिच्या छापील पुस्तकातला एक धडा घेतला आणि कुकरसमोर उभी राहून वाचायला लागले. चूक झाली की कुकर शिटी मारायचा. गुरुवारपर्यंत धडा डोळे मिटून येऊ लागला. तरी रात्री जेवण गेलं नाही. दीपमालानं विचारलं, तर म्हणाले उपास आहे. कुठला ते तिनं विचारलं नाही, एवढं बरं.

आज शुक्रवारी धुतलेलं लुगडं नेसून गेले. सतरंजीवर पस्तीस पोरं, मागं सात-आठ आया, आणि पुढच्या ओळीत नवी रिबीन लावून तनुजा. मी पिशवीतून पुस्तक काढतच होते, तर रत्नमालाबाई हसून म्हणाल्या की पुस्तक राहू द्या, आज आपण आपलं हस्तलिखित वाचायचं. पोरांनी सांगितलेल्या गोष्टी त्यांनी स्वतः बसून उतरवल्या होत्या आणि पोरांनी त्यावर चित्रं काढली होती. असं म्हणून त्यांनी माझ्या हातात वही दिली. सगळी त्यांच्याच हातची. तीच पळणारी अक्षरं, पानभर.

अक्का, माझे कान बंद झाले. पंखा फिरताना दिसत होता, आवाज येत नव्हता. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मागची एक आई दुसरीच्या कानाला लागली. आणि मग मला तुमचे भाऊ दिसले, उंबऱ्यात, पेपर नाकासमोर धरलेले. मी वही तशीच धरली, बोट ठेवलं आणि सुरू केलं. पानावर लांब मानेचं एक पिवळं जनावर होतं, म्हणून म्हणाले, एक होता उंट. उंटाला आपल्या गारखेड्यात पाणी मिळेना, म्हणून तो नळाची वाट बघत रांगेत उभा राहिला. पोरं हसली. मला धीर आला. उंटाला मी हंडा दिला, रांगेत भांडण लावलं, आणि भांडणात उंटाची बाजू घेणारी एक म्हातारीही आणली.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतला एक पोरगा उभा राहिला. धम्मपाल त्याचं नाव. गोष्ट त्याचीच होती. तो म्हणाला, "आजी, ते उंट नाय. जेसीबी हाये. माझे पप्पा चालवतेत."

मी (तुमच्या भावाची शपथ, मी नाही, तेच बोलले असतील) म्हणाले की जेसीबी उंटाच्या मागं उभा आहे, उंट हलल्यावर दिसेल. धम्मपालनं विचार केला आणि म्हणाला, मग उंटाला बाजूला व्हायला सांगा, पप्पांना उशीर व्हायलाय. त्यावर अर्धा वर्ग उंटाकडून आणि अर्धा जेसीबीकडून ओरडायला लागला. रत्नमालाबाई पोरांना गप्प करायला पुढं आल्या आणि त्यांची नजर माझ्या बोटावर गेली. मीही खाली बघितलं. बोट शेवटच्या ओळीच्या खाली, कोऱ्या कागदावर चाललं होतं. तनुजाही तिथंच बघत होती.

बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, पोरांनी वाजवल्या, फक्त तनुजानं नाही. सुटताना बाईंनी तिच्या वहीत शेरा लिहिला. लांबलचक.

पोरीला घेऊन घरी निघाले. माझं बोट धरते ती नेहमी, आज चौकापर्यंत दप्तराचे पट्टे धरून चालली. मग म्हणाली, "आजी, तू वाचत नव्हतीस."

"नव्हते."

"पेपर बी खोटाच वाचती का?"

"पेपर खरा वाचते. हातानं लिहिलेलं येत नाय मला."

तिनं दप्तर पाठीवर सावरलं. मग म्हणाली, "मला बी नव्हतं येत. बाईंना सांगितलं की बाई परत सांगतेत. रागवत नायत." आणि घरी आल्यावर कुणाला काही सांगितलं नाही. आत्ता झोपली आहे. वही माझ्या पुढ्यात आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. उन्हातून पायी दुकानाला जाऊ नका.

तुमची भावजय,
गीता

ता. क. हे नांदेडला नोकरीला होते तेव्हा तुम्हाला पत्रं लिहायचे, ती तुमच्या पेटीत आहेत. तुम्ही मला वाचून दाखवायच्या, ‘गीताला सांग’ म्हणून त्यात दरवेळी काही ना काही असायचं. अक्का, राग मानू नका, पण तुम्ही त्यांच्याच सख्ख्या बहीण. त्यांनी खरंच काय लिहिलं होतं ते मला स्वतः वाचायचं आहे. राजेंद्रच्या हाती पाठवा. शिकायचंच तर त्यांच्या अक्षरावर शिकेन.

आणखी एक. बाईंचा आजचा शेरा मी या कागदाच्या पाठीमागं जसाच्या तसा उतरवला आहे, ठिपक्यांची रांगोळी उतरवतात तसा. तेवढा वाचून राजेंद्रजवळ निरोप द्या. उद्याच्या सहीपुरतं मी बघते.

शनिवार. पाठीमागच्या नकलेवर काट मारली आहे, ती वाचू नका. पत्रं मात्र पाठवा. आज सकाळची शाळा होती. मी शेऱ्याखाली ‘वाचता आले नाही’ असं लिहिलं, सही केली, आणि वही घेऊन तनुजासोबत वर्गात गेले.