निळीचा ठिपका

मैनाचे बाबा,

मी पहिल्या यष्टीनं अमरावतीले डॉक्टरकडं चालली. भाकर टोपल्यात आहे. तुमच्या पोटावर डावीकडं निळीचा ठिपका दिसन, तो धुऊ नका. काल दुपारी तुमी झोपले तवा मीच लावला.

मागच्या खेपेले डॉक्टरले मी चित्रच काढाले लावलं. कॅन्सरची गाठ कापली का संडासाची मागची वाट बंद करतात, अन् पोटावर, त्या ठिपक्याच्या जागी, नवी काढतात. आतडं खाली ओढून जुन्या जागीही लावता येते म्हणे. पण तिथं ताबा राहीन का, ते आज विचारते.

तुमी धोतर नेसून बसा, वाका, बैलबंडीत चढून पाहा. ठिपका धोतराच्या गाठीखाली दबते काय?

चार दिवसापासून तुमी ऑपरेशनले नाही म्हणून राहिले. एक गाठ डॉक्टरले कापू द्या, धोतराची तुमी चार बोटं वर बांधा.

मैनाची माय